सुरुंगाची दारू आणि पूलचा ब्रेक

कॅरमवर वाढलेला मराठी माणूस पहिल्यांदा पूलच्या टेबलापाशी उभा राहिला की बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. पंधरा रंगीत चेंडू त्रिकोणात मांडलेले दिसतात, हातात काठी असते, आणि लहानपणी स्ट्रायकरने जे केलं तेच तो इथे मोठ्या मापात करायला जातो. दात आवळून जोरात हाणतो. आवाज झकास होतो. पांढरा चेंडू टेबलावरून उडून सोफ्याखाली जातो, त्रिकोणातले निम्मे चेंडू जागच्या जागी घुटमळतात आणि बघणारे टाळ्या वाजवतात. हल्ली सोसायट्यांच्या क्लबहाउसात, ऑफिसांत, काही मंडळांच्या हॉलमध्येसुद्धा पूलची टेबलं आली आहेत, त्यामुळे हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

हा लेख त्या पहिल्या फटक्याबद्दल आहे. त्याला ब्रेक म्हणतात. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, खेळाडू म्हणून मध्यम. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात या एका फटक्यावर दोन महिने इतकं काम झालं की ते लिहून ठेवावंसं वाटलं. काम केलं माझ्या पुतणीने. तिला शिकवलं मी थोडं आणि माझ्या बाबांनी बरंच. बाबांनी आयुष्यात पूलची काठी हातात धरलेली नाही.

पुतणी दहावीची परीक्षा देऊन भरवेलीहून पुण्याला आमच्याकडे आली होती. बाबाही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेले. सोसायटीत मे महिन्यात इनडोअर स्पर्धा असतात, त्यांचं पत्रक लिफ्टमध्ये लागलं. पूलच्या खाली एक ओळ होती: महिला व मुलींच्या वतीने ब्रेक दुसऱ्या कोणी मारला तरी चालेल. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. मुलींच्या मनगटात जोर कमी, चेंडू फुटत नाहीत, मग डाव रेंगाळतो, असा विचार. पुतणीने ती ओळ दोनदा वाचली.

"काका, म्हणजे माझा डाव दुसरा कोणी सुरू करणार?"

"सवलत आहे गं. घ्यायलाच हवी असं नाही."

"मग मी नाही घेणार," ती म्हणाली. तोवर तिने ब्रेक एकदाही मारलेला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी ती खेळायला लागली तेव्हा क्लबहाउसातली पोरं मदतीला धावली. प्रत्येकाचा सल्ला एकच, अजून जोरात. तिने जोर लावला. पांढरा चेंडू त्रिकोणाच्या कानाला घासून थेट खिशात गेला, पुढच्या वेळी टेबलाबाहेर, त्याच्या पुढच्या वेळी काठीच घसरली. बाबा हिरवा चष्मा लावून कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. घरी परत येताना लिफ्टमध्ये ते म्हणाले, "जास्त बारूद भरला म्हंजे जास्त दगड फुटते असं नाही, बेटा. जास्त बारूद भरला का दगड उडते."

आता बाबा कोण ते सांगायला हवं. भरवेली हे बालाघाटला लागून असलेलं खाणीचं गाव. मध्य प्रदेशात असलं तरी नागपूर आम्हाला भोपाळपेक्षा कितीतरी जवळचं. 1956 पर्यंत आमचा जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि आजही कॉलनीच्या एका ओळीत मराठी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी अशा सगळ्या बोली ऐकू येतात. जमिनीखाली मँगनीज. इंग्रजांच्या काळातली कंपनी जाऊन 1962 मध्ये मॉइल आली, तिचं मुख्यालय नागपूरला. भरवेलीची खाण, म्हणजे कागदोपत्री बालाघाट खाण, आशियातली सगळ्यात खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. काम तीनशे मीटरच्याही खाली चालतं. तिथे बाबा ब्लास्टर होते. खडकात पाडलेल्या भोकांत सुरुंगाची दारू भरायची, तोंड बंद करायचं, माणसं बाहेर काढायची आणि उडवायचं. यासाठी खाण सुरक्षा महानिदेशालयाचं प्रमाणपत्र लागतं, ते बाबांनी तिशीच्या आत मिळवलेलं. (पुण्यात एका शेजाऱ्यांना मी सरळपणाने सांगितलं होतं की बाबा खाणीत दारू भरायचे. त्यांनी पुष्कळ दिवस बाबांकडे सहानुभूतीने पाहिलं. तेव्हापासून आम्हीही बारूदच म्हणतो.)

बाबा कामाचं घरी कधी बोलत नसत. निवृत्तीनंतर तर एकूणच बोलणं कमी झालं होतं, आणि पुण्यात त्यांच्याशी बोलायला कोणाकडे विषयही नव्हता. त्या लिफ्टमधल्या वाक्यावर पुतणीने विचारलं, "उडते म्हणजे काय, आजोबा?" आणि पुढचा तासभर ते बोलत होते. मी पोळ्या गरम करता करता ऐकत होतो. त्यातलं निम्मं मलाही नवीन होतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खडक फोडताना पहिला प्रश्न दारू किती हा नसतो. पहिला प्रश्न मोकळं तोंड कुठे आहे हा असतो. म्हणजे खडकाला सरकायला जागा कोणत्या बाजूने आहे. भोकं त्या हिशेबाने पाडायची, एकमेकांपासून ठरावीक अंतरावर, एका कोनात. भोक भरून झाल्यावर मातीने घट्ट बुजवायचं. बुजवणं सैल राहिलं तर सगळा दाब भोकाच्या तोंडातून मागे सुटतो, आवाज प्रचंड होतो आणि खडक तसाच राहतो. आणि गरजेपेक्षा जास्त भरलं तर दगड लांब उडतो, छताला हादरा बसतो आणि माल भुगा होतो. मँगनीजच्या मोठ्या ढेपांना भट्टीवाले जो भाव देतात तो भुग्याला देत नाहीत. "मोठा आवाज म्हंजे वाया गेलेला बारूद," बाबा म्हणाले. क्लबहाउसातल्या पोरांना हे ऐकवायला हवं होतं, पण ती सगळी जेवायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, टेबल रिकामं असताना, आम्ही तिघं खाली गेलो. बाबांनी पहिली गोष्ट पाहिली ती त्रिकोण. पाच ओळी, पुढे एक चेंडू, मागे पाच. बाबा वाकून म्हणाले, "हे तर सैल हाय."

खरंच होतं. सोसायटीचा त्रिकोण प्लास्टिकचा, जरा वाकलेला. चेंडूंवर महिन्याभराचा खडू आणि हातांचा तेलकटपणा. ज्या ठिपक्यावर पुढचा चेंडू ठेवतात तिथल्या कापडाला खळगा पडलेला. मांडणारा माणूस त्रिकोण भसकन उचलतो आणि चेंडू केसभर सुट्टे होतात. वरून बघितलं तर कळत नाही. टेबलाच्या पातळीला डोळा आणून बघितलं की पहिल्या चेंडूच्या आणि त्याच्या मागच्या दोघांच्या मध्ये उजेडाची रेघ दिसते.

ही रेघ ब्रेकचा निम्मा जीव घेते. पंधरा चेंडू एकमेकांना खरोखर टेकलेले असतील तर पहिल्यावर बसलेला धक्का जवळजवळ त्याच क्षणी सगळ्यांतून मागच्या कडेपर्यंत जातो, आणि ज्यांना बाहेरची बाजू मोकळी आहे ते, विशेषतः मागच्या दोन कोपऱ्यांतले, जोरात सुटतात. बाबांच्या भाषेत त्यांना मोकळं तोंड आहे. मधल्या काळ्या आठ नंबरला सगळीकडून शेजारी, तो सगळ्यात कमी हलतो. पण मध्ये फटी असल्या तर धक्का सगळ्यांतून एकदम जात नाही. एक चेंडू दुसऱ्यावर आपटतो, दुसरा तिसऱ्यावर, प्रत्येक आपटण्यात थोडा जोर खर्च होतो, दिशा बदलते आणि शेवटी एका बाजूला घोळका शिल्लक राहतो. आम्ही मुद्दाम करून पाहिलं. तोच हात, साधारण तोच वेग, एकदा घट्ट त्रिकोण, एकदा सैल. सैल त्रिकोणाला पुतणीने काय, मी पूर्ण ताकदीने मारलं तरी मध्ये सात-आठ चेंडूंची गर्दी राहिलीच.

तेव्हा ब्रेक सुधारायची सुरुवात काठी उचलण्याआधी होते. चेंडू ओलसर कापडाने पुसून कोरडे करायचे. त्रिकोण ठिपक्यावर आणून मागून बोटं घालून सगळे चेंडू पुढे दाबायचे, क्षणभर तसेच धरायचे, मग त्रिकोण चेंडूंना न घासता उचलायचा. उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा मांडायचं. आठ नंबर मधोमध, मागच्या दोन कोपऱ्यांत एक भरीव रंगाचा आणि एक पट्ट्याचा, बाकीचे कसेही. आपण कॅरमच्या सोंगट्या मध्यभागी लावून दोन्ही हातांच्या ओंजळीत दाबून एकजीव करतो, अगदी तसं. कॅरममध्ये हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पूलमध्ये मात्र तेच काम आपण घाईने दुसऱ्यावर सोपवतो.

कॅरमची आठवण निघाली म्हणून एक फरक सांगतो, कारण आपली सवय तिथेच नडते. कॅरमचा स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा असतो आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. म्हणजे हातोडा खिळ्याच्या जवळपास तिप्पट. तो घुसतो आणि पुढे जात राहतो. पूलमध्ये पांढरा चेंडू आणि बाकीचे चेंडू एकाच मापाचे, 57.15 मिलिमीटर, वजनही सारखंच. सारख्या वजनाचा चेंडू एका चेंडूवर सरळ आपटला तर जागीच थांबतो. इथे समोर पंधरांची भिंत आहे, म्हणून तो थोडा मागेच येतो. घुसण्याचा प्रश्नच नाही. पांढऱ्याने आपला सगळा जोर पहिल्या चेंडूला देऊन टेबलाच्या मध्याजवळ शांत उभं राहायचं, हे चांगल्या ब्रेकचं लक्षण. तो मध्यावर असला की फुटलेल्या चेंडूंपैकी कोणता तरी पुढचा फटका हाताशी असतोच. पांढरा चेंडू खिशात गेला तर फाउल, टेबलाबाहेर गेला तरी फाउल, आणि मग तुमच्या मेहनतीने पसरलेलं टेबल समोरच्याला ताटात वाढून मिळतं.

मी इंजिनियर असल्यामुळे वहीत हिशेब केलाच. पांढरा चेंडू पहिल्या चेंडूच्या मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला बसला, तर किती नुकसान? मला वाटलं होतं बराच जोर वाया जात असेल. उत्तर आलं, ऊर्जेत फक्त तीन टक्के. दोन सेंटिमीटर बाजूला बसला तर बारा टक्के. हे काही फार नाही. पण खरा घोटाळा दुसरीकडे आहे. एक सेंटिमीटर चुकल्यावर पांढरा चेंडू आपल्या वेगाच्या सतरा टक्के वेग स्वतःकडे ठेवून बाजूला पळतो, दोन सेंटिमीटर चुकल्यावर पस्तीस टक्के. म्हणजे चेंडू फुटतात बऱ्यापैकी, पण तुमचा पांढरा गावभर भटकतो आणि कुठल्या तरी खिशात पडतो. आणि आमच्या आठ फुटी टेबलावर एक सेंटिमीटर चुकायला काठीची दिशा जेमतेम अर्धा अंश बिघडावी लागते. जोर लावताना खांदा वळतो, डोकं वर येतं, मागची मूठ आवळली जाते, आणि हा अर्धा अंश सहज निसटतो.

जोराचाही हिशेब आहे. वेग दीडपट केला तर ऊर्जा सव्वादोन पट होते, त्यामुळे वेग महत्त्वाचा नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. व्यावसायिक खेळाडूंचा ब्रेक ताशी 35-40 किलोमीटरच्या आसपास जातो. पण ते त्या वेगाने पहिल्या चेंडूच्या बरोबर मध्यावर मारू शकतात. तुम्ही ज्या वेगाला मध्य गाठू शकता तेवढाच वेग तुमचा. उरलेला आवाजात जातो.

मग हा वेग मोजायचा कसा? पुतणीला मी फोन दिला. आवाज रेकॉर्ड करायचा, कोणत्याही फुकट ऑडिओ ॲपमध्ये त्याची लाट उघडायची. काठी चेंडूला लागल्याचा एक टोक दिसतो, चेंडू त्रिकोणाला लागल्याचा दुसरा, बराच उंच. मधला वेळ वाचायचा. आठ फुटी टेबलावर पांढरा चेंडू मागच्या रेषेच्या मधोमध ठेवला तर त्याला धडकेपर्यंत साधारण 106 सेंटिमीटर जावं लागतं. 0.19 सेकंद लागले तर ताशी 20 किलोमीटर. 0.13 लागले तर 29 च्या आसपास. भागाकार तिचा तीच करायची. दहावीच्या सुट्टीत भौतिकशास्त्राला हात लावणार नाही म्हणणारी मुलगी रोज वीस भागाकार करत होती, हे मी वहिनीला फोनवर मुद्दाम सांगितलं.

सरावाची पद्धत आम्ही अशी ठेवली. पहिले चार दिवस जोर जवळजवळ नाहीच. पांढरा मध्यावर ठेवून पहिल्या चेंडूला बरोबर समोरून लागेल एवढंच बघायचं. फटक्यानंतर पांढरा चेंडू कुठे थांबला ते वहीत टिपायचं. डावीकडे पळाला म्हणजे तो पहिल्या चेंडूच्या डाव्या अंगाला लागला, उजवीकडे पळाला म्हणजे उजव्या. हे पांढऱ्याचं पळणं म्हणजे आपोआप मिळणारा रिपोर्टच. तो वाचायला शिकलं की प्रशिक्षकाची गरज बरीच कमी होते. सलग पाच वेळा पांढरा मध्याच्या आसपास राहिला की वेग थोडा वाढवायचा. बिघडायला लागलं की एक पायरी मागे. तिचा वेग ताशी 20 च्या जवळ येऊन अडला, आणि मी तिथेच थांबायला सांगितलं.

या दरम्यान दोन-तीन बारीक गोष्टी सापडल्या, त्या इथे देतो. पांढरा चेंडू उडत होता याचं कारण जोर नव्हतं. तिची मागची मूठ वर होती. काठी उतरती असली की चेंडू आधी कापडात दाबला जातो आणि उसळतो, मग पहिल्या चेंडूला हवेत असताना लागतो. काठी जितकी आडवी तितकं बरं. टेबलाची कड आडवी येते, म्हणून मूठ पूर्ण खाली नेता येत नाही, पण पांढरा चेंडू कडेच्या फार जवळ न ठेवता रेषेपर्यंत पुढे आणला की पुष्कळ फरक पडतो. चेंडूला मध्यावर किंवा मध्याच्या किंचित वर मारायचं, म्हणजे भिंतीवरून मागे येणारा पांढरा थोडा पुढे ओढला जाऊन मध्यावर राहतो. खाली मारलं तर तो फिरकी घेऊन पार मागे येतो, कधी मागच्या खिशातही. पुढचा हात नेहमीपेक्षा थोडा मागे, म्हणजे काठीला धावायला जागा मिळते. पकड सैल. शरीर थोडं उभं, आणि फटक्याबरोबर वजन पुढच्या पायावर येऊ द्यायचं. काठी चेंडूपाशी थांबवायची नाही, पुढे जाऊ द्यायची. ब्रेकला क्लबची साधी काठी घ्यावी. स्वतःची चांगली काठी असेल तर ती बाकीच्या डावाला ठेवावी, कारण सततच्या जोराने टोकाचं चामडं चपटं होतं. आणि खडू प्रत्येक वेळी लावायचा. खडूची बाबांना फार गंमत वाटायची. एवढ्याशा निळ्या ठोकळ्याला एवढं महत्त्व, असं.

काही लोक ब्रेक बाजूने मारतात, पहिला चेंडू सोडून दुसऱ्या ओळीतल्या चेंडूवर, म्हणजे आठ नंबर जास्त हलतो. ते शिकण्यासारखं आहे, पण सरळ ब्रेक बसल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. नाइन बॉलचा ब्रेक हा तर वेगळाच विषय.

इथे जबलपूरचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. मी बीई तिथेच केलं. बालाघाटहून नैनपूरमार्गे जाणारी छोटी लाईन तेव्हा चालू होती, 2015 मध्ये ती बंद झाली आणि आता मोठी लाईन आहे. पूलची काठी मी जबलपूरलाच पहिल्यांदा धरली, आणि ज्या गावात धरली तिथेच स्नूकर जन्माला आला हे मला खूप नंतर कळलं. 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबर्लेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने (पंतप्रधान झालेले चेंबर्लेन ते हे नव्हेत) पूलच्या एका प्रकारात जास्तीचे रंगीत चेंडू घालून हा खेळ बनवला. स्नूकर हा शब्द तेव्हा लष्करी विद्यालयातल्या नवशिक्या कॅडेटसाठी वापरत. कोणी सोपा चेंडू चुकला आणि चेंबर्लेन त्याला स्नूकर म्हणाला, तेच नाव पडलं. नियम पुढे उटीला पक्के झाले. स्नूकरचा ब्रेक पूलच्या अगदी उलट असतो. तिथे लाल चेंडूंच्या त्रिकोणाच्या कोपऱ्याला अलगद स्पर्श करायचा आणि पांढरा चेंडू तीन कुशनांवरून फिरवून आपल्या घरी, मागच्या कडेला, आणून ठेवायचा. फोडलं तर समोरच्याचं भलं. पण दोन्हीकडे बघायची गोष्ट एकच, फटक्यानंतर पांढरा कुठे आहे. पुतणीला मी एक दिवस फक्त स्नूकरसारखे हलके ब्रेक मारायला लावले, त्याचा फायदा झाला असं मला वाटतं. तिला वाटत नाही.

क्यूच्या खेळांत आपल्या लोकांचं नाव जुनं आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. मुंबईचे मायकेल फरेरा तीन वेळा जगज्जेते झाले. तरीही आपल्या घरांत पूलचं टेबल म्हणजे उनाड पोरांचा अड्डा ही समजूत पक्की. बालाघाटला ज्या दुकानाच्या माडीवर दोन टेबलं आहेत तिथे मुलगी पाठवायची म्हटलं की दादा अजूनही विषय बदलतो. तो पूर्णपणे चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्या माडीवर सिगरेटचा धूर असतो आणि पैसे लावून डाव होतात, मी पाहिलं आहे. पण टेबलाचा त्यात काय दोष? सोसायटीच्या किंवा मंडळाच्या उजेडाच्या हॉलमध्ये, आजोबा खुर्चीत बसलेले असताना, हा खेळ कॅरमइतकाच घरगुती आहे. आपल्या मंडळांनी टेबल घेतलंच असेल तर आठवड्यातली एक दुपार फक्त मुलींसाठी आणि आयांसाठी ठेवायला हरकत नसावी. गणेशोत्सवातल्या स्पर्धेला तेवढी तयारी पुरते.

स्पर्धेच्या दिवशी पंचांनी पुतणीला विचारलं, ब्रेक कोण मारणार? तिने त्रिकोण स्वतः मांडला, खाली बसून उजेड बघितला, पुन्हा मांडला. मागे उभ्या पोरांपैकी एकाला हसू आलं. नियम असा आहे की ब्रेकला एखादा चेंडू खिशात गेला पाहिजे, नाहीतर निदान चार चेंडू कुशनला लागले पाहिजेत. तिचा आवाज काही मोठा झाला नाही. एक पट्ट्याचा चेंडू मागच्या कोपऱ्यात गेला, बाकीचे पसरले, पांढरा मध्यावर येऊन थांबला. तो डाव तिने जिंकला. दुसऱ्या फेरीत बारावीतल्या एका मुलाने तिला हरवलं, ब्रेक चांगला झालेला असताना. आठ नंबरवरचा सोपा फटका ती घाईत चुकली. संध्याकाळी ती फार बोलली नाही. बाबा म्हणाले, "फुटलं तर बरोबर होतं ना? मग माल उचलाले शीक आता." ती चिडली, पण ते खरंच आहे. फोडल्यावर माल बाहेर काढणं हे खाणीतलंही वेगळं काम असतं आणि त्याची माणसंही वेगळी असतात.

समितीतले एक जण नंतर भेटले तेव्हा म्हणाले, पुढच्या वर्षी ती सवलतीची ओळ काढून टाकू. लेखी अजून काही आलेलं नाही.

जूनमध्ये दोघंही भरवेलीला परत गेली. टेबल नाही म्हणून सराव थांबू नये यासाठी मी तिच्याबरोबर एक जुनी काठी दिली. जेवणाच्या टेबलावर काचेची रिकामी बाटली आडवी ठेवायची, तिचं तोंड आपल्याकडे, आणि काठीचं टोक काचेला न लागता आत-बाहेर करायचं. आधी हळू, मग वेगाने. लागलं की टिंग आवाज येतो, लपवता येत नाही. वहिनी म्हणते, पहिल्या आठवड्यात घरात देवळासारखी घंटा वाजत होती, आता जेवायला बोलावेपर्यंत आवाज नसतो. बाबा समोर बसून टिंग मोजतात. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांना आता टोक स्पष्ट दिसतं, आणि आवाज झाला नाही तरी काठी डावीकडे गेली हे ते सांगतात.

दर रविवारी सकाळी, माडी उघडते त्या वेळी, दादा तिला बालाघाटला घेऊन जातो. अकराच्या आत परत यायचं, अशी अट. तिथलं टेबलही आठ फुटीच आहे, कापड जुनं. गेल्या रविवारची फाइल तिने पाठवली, मी ऑफिसातून निघण्यापूर्वी उघडून बघितली. 0.17 सेकंद, म्हणजे ताशी 22 च्या थोडं वर. खाली तिने लिहिलं होतं: काका, त्रिकोण लाकडी आहे, पण ठिपक्यापाशी खळगा आहे, पुढचा चेंडू मागे सरकतो. काय करू? मी कापडाला खालून कागद लावता येईल का ते विचारायला सांगितलं आहे. बाबांचा सल्ला वेगळा आहे. ते म्हणतात, मालकाला सांगून पहिल्या चेंडूची जागा दोन बोटं पुढे घ्या.